वळणावरचं छत

कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला म्हणून तिनं दार उघडलं, तर समोर मुलगी उभी. बेलच्या बटणावर बोट, कपाळाला आठ्या, खांद्यावरची बॅग घसरून कोपरापर्यंत आलेली. दार उघडलं तरी मुलीनं बोट काढलं नाही. बोटाचं टोक दाबून दाबून पांढरं पडलं होतं, म्हणजे बटण चांगलं आत गेलेलं होतं, आणि तरीही घरात काहीच वाजत नव्हतं. बेल बिघडली वाटतं, असं ती म्हणाली. मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं बोट उचललं, पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. शेजारचं दार उघडलं, शेजारीण बाहेर डोकावली, एक हात कानावर ठेवून काहीतरी बोलली आणि आत गेली. बटणावरचं बोट तसंच ठेवून मुलगी म्हणाली, "आई, बेल वाजतेय."

ती जिन्यातच उभी राहिली, हातात पिशवी. तिनं कान दिला, म्हणजे मान कलती केली, श्वास धरला, डोळे बारीक केले. जे काही माणूस ऐकण्यासाठी करतो ते सगळं केलं. खालच्या रस्त्यावरून बस गेल्याची घरघर आली. कुणाच्या तरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं. बेलच्या जागी मात्र काही नव्हतं. शांतता म्हणावी तर तीही नाही, कारण शांतता कळते. भिंतीवरचं चित्र काढून नेल्यावर मागे चौकोनी डाग तरी उरतो, इथे तोही नव्हता. मुलीनं बॅग आत टाकली, चपला काढता काढता सांगितलं की हे आजचं नाही, गेलं वर्षभर ती असंच करतेय. टाइमर, मोबाइल, धुण्याच्या मशीनची शिटी, काहीच तिला ऐकू येत नाही. "आणि बाबा," मुलगी म्हणाली आणि थांबली. बाबांचं काय, असं तिनं विचारलं. "बाबा फक्त तुझ्याशीच एवढ्या मोठ्यानं बोलतो. तो फोनवर बोलतो तेव्हा ऐक एकदा. ऐक म्हणजे, बघ."

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि मुळात त्याचा आवाज इतका हळू होता की लग्नाआधी ती मैत्रिणींना सांगायची, हा बोलतो तेव्हा पुढे वाकावं लागतं, म्हणूनच आमचं जमलं. गेल्या काही वर्षांत तो आवाज चढला होता. मीठ कुठाय, वीजबिल भरलं का, मी निघतो, सगळं चढ्या आवाजात. तिनं त्याचा अर्थ लावून टाकला होता. वय झालं, शाळेतली मुलं डोकं खातात, माणसं कडवट होतात, संसार असाच होत जातो. ती त्याच्याशी कमी बोलायला लागली होती. तो ओरडला की ती गप्प बसायची आणि मनातल्या मनात त्याला माफ करून टाकायची, आणि आपण किती समजूतदार आहोत याचं तिला थोडं बरंही वाटायचं. जिन्यात उभ्या उभ्या तो सगळा समजूतदारपणा तिच्या हातातल्या पिशवीइतका जड झाला.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ठोकळे चढवले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. सुरुवातीला बोट भराभर वर जात होतं. मग ते मांडीवर पडून राहिलं. काचेपलीकडे डॉक्टर बटणं फिरवत होते, तिच्याकडे बघत होते, पुन्हा फिरवत होते, आणि त्यांच्या बघण्यावरून आत्ता काहीतरी वाजतंय हे तिला कळत होतं. लहानपणी शाळेत उत्तर येत नसलं की बाईंच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, तसं बोट वर करून टाकावं असा मोह तिला झाला. तिनं केलं नाही. नंतर डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेष बराच वेळ सपाट चालली होती आणि मग एकदम खाली घसरली होती. तिच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की एवढा उतार भरलेल्या डंपरला झेपणार नाही. तिला हसू आलं. डॉक्टरांना वाटलं, बाई धक्क्यानं हसतायत. त्यांनी विचारलं की काम काय करता. तिनं सांगितलं, खाणीतले रस्ते आखते. खाणीत रस्ते असतात, असं त्यांनी विचारलं, सगळेच विचारतात. असतात, ती म्हणाली, जमिनीवरून गोल गोल खाली जाणारा एक मोठा उतार असतो, त्याला फाटे असतात, फाट्यांना फाटे, आणि शेवटी धातूचा दगड असतो. एवढी वर्षं ड्रिलच्या आणि पंख्यांच्या जवळ काढल्यावर हे व्हायचंच, असं डॉक्टर म्हणाले. खालच्या पट्टीतलं सगळं शाबूत आहे, वरचं गेलंय, डावीकडे जास्त. पक्षी, घंटा, बोलण्यातले स आणि श. आणि एखाद्या वस्तूचा खणखणीतपणा. चांगली काच आणि तडकलेली काच यांतला फरक, उदाहरणार्थ.

उदाहरणार्थ. तो शब्द घेऊन ती रस्त्यावर आली. माणसं नेहमीसारखी चालली होती, फळांच्या गाडीवर दोघं जण भाव करत होते, सिग्नल हिरवा झाला तरी ती फुटपाथच्या कडेला उभीच होती. ती नोकरीला लागली तेव्हा तिचा पहिला साहेब म्हणजे एक म्हातारा होता, अंगानं काटकुळा, खाणीत उतरला की घरी आल्यासारखा सैलावणारा. त्यानं तिला कागदावरचं काही शिकवलं नाही. ते तुला येतं म्हणाला. त्यानं तिच्या हातात लांब सळई दिली, नव्या खोदलेल्या बोगद्यात उभं केलं आणि दिवा विझवायला लावला. त्या काळोखात तो सळईनं छतावर ठोकायचा आणि ती सांगायची. खणखण वाजलं तर दगड अखंड आहे, वरपर्यंत एकजीव. भद्द वाजलं तर आत कुठेतरी फट आहे, पापुद्रा सुटलाय, खाली उभं राहू नको. या दोन टोकांच्या मध्ये किती आवाज होते! ओल्या दगडाचा, कडक पण आतून ताणलेल्या दगडाचा, वरवर चांगल्या वाटणाऱ्या दगडाचा. वर्षभरात तिला ते इतके ओळखीचे झाले की चहाच्या टपरीवर कपावर कप ठेवल्याच्या आवाजावरूनसुद्धा ती कुठला कप तडकलाय ते सांगायची. म्हाताऱ्यानं तिला एवढंच बजावलं होतं की आपल्याला जे हवं असतं तेच ऐकायची खोड कानाला असते, म्हणून ठोकताना रस्ता कधी पूर्ण होणार याचा विचार डोक्यात ठेवायचा नाही.

आता ती मागे मागे जात आठवत होती. अलीकडे छत असं खणखणून वाजल्याचं तिला आठवतच नव्हतं. सगळंच थोडं दबलेलं वाजायचं. खाण खोल गेलीये, खोल गेल्यावर दगड असाच बोलतो, असं तिनं स्वतःला कधीतरी सांगितलं होतं, आणि त्या हिशोबानं तिनं स्वतःची पट्टी खाली आणली होती: आधी जे बरं नव्हतं ते आता बरं ठरत होतं. आवाज बदलत गेला तशी ती बदलत गेली, इतकी हळूहळू की कुठल्या दिवशी काय सुटलं ते शोधायला जागाच नव्हती. आणि गेल्या महिन्यात ती खाली गेली होती. नवा रस्ता दोन बाजूंनी खोदला जात होता, एक तोंड वरून, एक खालून, मध्ये कुठेतरी दोन्ही भेटायची होती. खालच्या बाजूला रस्ता चुरलेल्या दगडाच्या पट्ट्याजवळून वळत होता. त्या वळणावर मुकादमानं काम थांबवून तिला बोलावलं होतं. तिनं सळई घेतली, ठोकलं, कान दिला, आणि म्हणाली होती, चांगलं आहे, नेहमीचे बोल्ट मारा आणि पुढे चला. छताचा थर वरच्या दगडाला बांधून धरणारे ते बोल्ट मारून माणसं पुढे गेली होती. तेव्हापासून प्रत्येक पाळी जाताना आणि येताना त्या वळणाखालून जात होती.

ऑफिसात ती खिडकीशेजारी, पडद्यावर रस्त्याचा आराखडा उघडून बसली. पडद्यावरचं छत म्हणजे एक बारीक रेष. रस्ता आखायचा म्हणजे काय काय बघावं लागायचं. तो धातूच्या पट्ट्यापासून लांब, खालच्या कडक दगडात ठेवायचा, कारण उद्या धातू काढून झाला की तिथली जमीन सैल होणार आणि रस्ता मात्र वर्षानुवर्षं टिकायला हवा. उतार असा की भरलेली गाडी धापा न टाकता चढेल. वळण असं की समोरून येणारीचा दिवा आधी दिसेल. पाणी एका कडेनं वाहील, वारा दुसऱ्या कडेनं येईल, आणि माणसाला गाडीपासून बाजूला व्हायला भिंतीत कोनाडे असतील. हे सगळं तिला अजूनही येत होतं, त्यासाठी कान लागत नव्हते. एक साधी गोष्ट करता आली असती. साइटवर मेल टाकायचा, वळणावर आणखी बोल्ट मारा, खबरदारी म्हणून. खबरदारी या शब्दाला कुणी कारण विचारत नाही. कुणाला काही कळलं नसतं, तीही हळूच कानाचं मशीन लावून घेती, केसांनी कान झाकती, आणि पुढच्या भेटीत सळई दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन म्हणती, तुम्ही वाजवा, माझा खांदा दुखतोय.

तिला आई आठवली. आईचं ऐकणं पन्नाशीतच गेलं होतं आणि तिनं ते मरेपर्यंत कबूल केलं नाही. कुणी भेटलं की आई आधी स्वतःच सुरू करायची, तब्येत, भाव, हवा, मुलांची लग्नं, एकामागून एक, समोरच्याला मध्ये फटच मिळू द्यायची नाही. बोलत राहिलं म्हणजे ऐकावं लागत नाही. आणि कुणी मध्ये काही बोललंच तर हसून, हो का, छान झालं. भाऊ तिला मुद्दाम सांगायचा, आई, मांजरीनं अंडं घातलं, आणि आई म्हणायची, हो का, छान झालं. सगळे हसायचे, आईसुद्धा हसायची, सगळे हसतायत म्हणून. एकदा शेजारच्या बाईंनी, माझा मुलगा गेला, असं सांगितलं आणि आई तशीच हसून म्हणाली होती, हो का, छान झालं. ती तेव्हा आईच्या शेजारीच उभी होती. त्या बाईंचा चेहरा तिला आत्ता, त्या आराखड्याच्या रेषांवर, स्पष्ट दिसला. वळणावर सळई खाली घेऊन तिनं मुकादमाला जे म्हटलं होतं, ते याहून वेगळं काय होतं?

तिनं खाणीच्या साहेबांना फोन लावला, उजव्या कानाला. साहेब तिच्यापेक्षा वयानं लहान, बोलायला गोड, कामाला वाघ. खालच्या बाजूचं काम थांबवा, वळणाखालून माणसं नेऊ नका, मी उद्या येते, असं तिनं सांगितलं. साहेब हसले. मॅडम, रस्ता जोडायचा शब्द मी वर देऊन बसलोय, आणि ते वळण तर तुम्हीच पास केलंत, असं ते म्हणाले.

"मीच केलं," ती म्हणाली. "म्हणूनच मी सांगते. मला तेव्हा ऐकू येत नव्हतं."

मग साहेब जरा वेगळ्या आवाजात म्हणाले की हे असं फोनवर बोलू नका, मॅडम, तुमच्याच अंगाशी येईल. येऊ दे, ती म्हणाली. काम थांबलंय का ते मला अर्ध्या तासात कळवा.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो वह्या तपासत होता. तिनं खुर्ची ओढून त्याच्या इतकी जवळ घेतली की गुडघे लागले. "मला वाटायचं तू सारखा चिडलेला असतोस," ती म्हणाली. त्यानं लाल पेनाला टोपण लावलं. "आणि मला वाटायचं, तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस," तो म्हणाला, मोठ्यानं, मग एकदम ओशाळला आणि तेच वाक्य हळू आवाजात पुन्हा म्हणाला. दुसऱ्या वेळी तिला शब्द नीट कळले नाहीत. पण त्याचे ओठ तिला पाठ होते. ती पुढे वाकली.

सकाळी जीप उतारावरून खाली निघाली तसा बाहेरचा उजेड मागच्या काचेत नाण्याएवढा झाला आणि विझला. ही घटका तिला नेहमी आवडायची. वरचं सगळं, भाजी, बिलं, ट्रॅफिक, एकेका वळणाला अंगावरून गळून पडायचं. आज मात्र ती प्रत्येक वळणावर छताकडे बघत होती, आणि ओळखीचा माणूस आपल्याशी कधीपासून खोटं बोलतोय असा संशय आल्यावर त्याच्या साध्या हसण्याकडेही आपण ज्या नजरेनं बघतो, तशी तिची नजर झाली होती. अर्थात खोटं दगड बोलला नव्हता. खाली मुकादम वाट बघत उभा होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. त्याच्या भाच्यांपैकी एकही खाणीत नव्हता, तरीही. चालताना एक तळहात भिंतीला लावून चालायची त्याला सवय होती, घरात दिवा न लावता पाणी प्यायला उठलेल्या माणसासारखी. काम थांबल्यानं तो धुसफुसत होता. दोघं वळणापर्यंत आले, वाट अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे थांबले, जिथलं छत बोल्टच्या पक्क्या ओळीखाली होतं. तिथून लांब सळई पुढे पोचत होती. तिनं पंखा बंद करायला लावला. मग सळई त्याच्या हातात दिली.

"मामा, तुम्ही वाजवा. आणि काय ऐकू येतं ते सांगा."

त्यानं वाजवलं, दोनदा, तीनदा, सरावलेल्या मनगटानं. तिच्याकडे बघितलं. चांगलं आहे, म्हणाला. कशावरून चांगलं, असं तिनं विचारलं. तुम्हीच नव्हतं का म्हटलं, चांगलं आहे, असं तो म्हणाला. मी काय म्हटलं ते सोडा, ती म्हणाली, तुम्हाला काय ऐकू आलं? मामानं सळई जमिनीवर टेकवली आणि दोन्ही हात तिच्या टोकावर ठेवले. त्याच्या टोपीवरचा दिवा खाली बुटांवर पडला होता. यालाही ऐकू आलं नसावं, असं तिला वाटलं, आणि ते आधीच कळायला हवं होतं असंही वाटलं.

"मला ऐकू येत नाही, मामा," ती म्हणाली. "घरची बेलसुद्धा."

"आमच्याकडे बेल काढून टाकलीये," मामा म्हणाला. "मुलगा आला की बाहेरच्या बटणानं दिवा लावतो आणि विझवतो."

"मग तुम्ही छत कसं तपासत होतात?"

"मी वाजवायचो," मामा म्हणाला, "आणि तुमच्या तोंडाकडे बघायचो."

ती काहीतरी बोलणार होती. त्याऐवजी तिला हसायला आलं, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कारण तीही ठोकून झाल्यावर त्याच्याच तोंडाकडे बघायची, हा माणूस जन्मभर खाणीत राहिलेला, हा गप्प आहे म्हणजे ठीक असणार, असं धरून चालायची. मामाही हसायला लागला. दोघं दोरीच्या अलीकडे उभी राहून हसत होती आणि पलीकडे ते छत होतं, ज्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग एकाच वेळी दोघांचं हसू थांबलं. मामानं सळईवरचा एक हात काढला आणि खिशात घातला.

स्टोअरमध्ये एक बारका कॅमेरा होता, छताला भोक पाडून त्यात सरकवायचा. आणल्यापासून तो खोक्यातच होता, कारण आमचे कान आहेत ना, असं सगळेच म्हणायचे आणि त्या सगळ्यांत तीही होती. ड्रिलचं मशीन लांबून चालवून त्यांनी वळणावर भोक घेतलं, लांब दांडीवरून कॅमेरा वर चढवला. छोट्या पडद्यावर करडा ओला दगड हळूहळू खाली सरकू लागला, घशात बघितल्यासारखा. मामा तिच्या खांद्यामागून बघत होता. दगड, दगड, पांढरी शीर, दगड. बोल्टची लांबी जिथे संपत होती तिथपर्यंत कॅमेरा पोचला आणि तिला वाटलं, संपलं, उगीच घाबरले. मग काळी रेष आली. केसासारखी नव्हे, चांगली बोटाएवढी फट, कडा स्वच्छ, आत काळोख. कॅमेरा फटीच्या वर गेला आणि पुन्हा दगड सुरू झाला, वेगळा, पलीकडचा. तिनं पुन्हा खाली आणून बघितलं. बोल्ट फटीच्या खालीच संपत होते. म्हणजे त्यांनी तो अख्खा थर वरच्या दगडाला बांधलाच नव्हता. थराला थराशीच बांधून ठेवलं होतं, आणि त्याखालून महिनाभर माणसं डबे घेऊन, गप्पा मारत गेली होती. तिला ती माणसं दिसली नाहीत. फक्त त्यांचे डबे दिसले, हातात झुलणारे.

साहेबांनी तो पडदा बघितला तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. ते काही वाईट माणूस नव्हते. लांब बोल्ट मारू, फटीच्या वरपर्यंत, जाळी लावू, वरून सिमेंटचा थर फवारू, असं ते म्हणाले, आणि हे काही चूक नव्हतं. आज ते टिकलं असतं. तिनं साइटच्या खोलीत टेबलावर आराखडा पसरला आणि त्यांना दाखवलं की दोन-तीन वर्षांनी शेजारचा धातू काढायला घेतला की चुरलेला पट्टा सुटेल, वळण त्याच्या तोंडाशी आहे, ते हलेल, आणि तेव्हा जुना उतार बंद झालेला असेल, या रस्त्याशिवाय खाली जायला दुसरी वाट नसेल. वळण सोडून द्यायचं, ती म्हणाली. वळणाच्या अलीकडेच फाटा फोडायचा आणि कडक दगडातून मोठ्या वळशानं न्यायचा. साहेबांनी विचारलं की खोदलेलं सगळं वाया? हो. जोडायला आणखी महिने जातील? जातील. आणि वर मी काय सांगू? ती पेन्सिलीनं नवी रेष ओढत होती. "माझं नाव सांगा," ती म्हणाली. "पण या वळणाखालून एकही माणूस जाणार नाही."

ते सोपं नव्हतं असं म्हटलं तर फारच कमी होईल. वर बोलावणं आलं, प्रश्न झाले, कुणी तरी म्हणालं की ज्या बाईला ऐकू येत नाही तिनं आखलेला दुसरा रस्ता तरी बरोबर कशावरून. या प्रश्नाचा तिला राग आला नाही, कारण तो प्रश्न बरोबर होता. ती म्हणाली, म्हणूनच आता माझ्या कानावर नाही, भोकावर आणि कॅमेऱ्यावर विश्वास ठेवा, दर टप्प्याला. याहून अवघड गेलं ते खालच्या माणसांशी बोलणं. छत ठोकणाऱ्या प्रत्येकाचे कान तपासायचे, असं तिनं मागितलं आणि पाळीच्या खोलीत कल्ला झाला. कान गेलेल्याला वर काढतील, झाडू मारायला लावतील, अशी भीती होती आणि ती खोटी नव्हती. तिनं आधी स्वतःचा आलेख तिथल्या फळ्यावर लावला, घसरगुंडीसारखी रेष सगळ्यांना दिसेल असा, आणि साहेबांकडून सर्वांसमोर वदवून घेतलं की कुणाचीही पाळी आणि पगार यामुळे जाणार नाही. साहेब बोलले, पण ओठ आवळून. तपासणीत निम्म्याहून जास्त माणसं तिच्यासारखीच निघाली. मामाकडून सळई गेली आणि ड्रिल चालवणाऱ्या एका नव्या पोरीकडे आली, जिचे कान अजून कोवळे होते आणि जिला आता ड्रिलपासून लांब ठेवायचं होतं. ही तपासणी मागितल्याबद्दल मामा तिच्याशी बोलेनासा झाला. कामाचं बोलायचा, हो, नाही, झालं, एवढंच. भिंतीला हात लावून चालायचा आणि ती शेजारून चालली तर दुसऱ्या भिंतीला जायचा.

ती दर पंधरवड्याला जात राहिली. मशीन तिनं घेतलं होतं, शहरात लावायची. पहिल्या दिवशी कागदाच्या चुरचुरीनं ती दचकली, चमच्यांच्या आवाजानं तिचं डोकं उठलं, आणि जगात एवढी खडखड चालू होती आणि आपण मजेत होतो याचं तिला नवल वाटलं. खाणीत मशीन चालत नसे, तिथे कानांवर आवाज अडवणारे ठोकळे. तिथे तिला पूर्वीसारखं काही कळत नव्हतं आणि ती उणीव भरून निघाली असं कधी झालं नाही. काळोखात दिवा विझवून उभी राहिली तर आता तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. पहिल्या काही फेऱ्यांत तिला त्याचं इतकं वाईट वाटायचं की परतीच्या जीपमध्ये ती ड्रायव्हरशी एक शब्द बोलायची नाही. मग ती भोकं मोजून घ्यायची, पडद्यावरचा करडा दगड डोळे दुखेपर्यंत बघायची, एखाद्या शिरेचा संशय आला की पुन्हा कॅमेरा चढवायला लावायची. माणसं कुरकुरायची. पुन्हा, ती म्हणायची. नवा रस्ता इंचाइंचानं कडक दगडात शिरत होता, त्याचं वळण रुंद आणि सोपं होतं, आणि समोरच्या गाडीचा दिवा खूप आधी दिसत होता.

सोडून दिलेलं वळण पडलं नाही. हे सांगायला हवं, कारण साहेब तिला प्रत्येक भेटीत हे सांगायचे. जाळीच्या दारापलीकडे ते तसंच होतं, छत जागच्या जागी, बोल्टची टोकं ओळीनं चमकत. अजून नाही पडलं, मॅडम, साहेब म्हणायचे, निम्मं चेष्टेनं, निम्मं तसं नाही. पहिल्यांदा तिच्या जिवाला ते लागलं. आपल्या मनाच्या तळाशी कुठेतरी ते पडावं, कुणी नसताना, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं पडावं, अशी इच्छा आहे हे कळल्यावर ती स्वतःलाच घाबरली. हळूहळू ती इच्छा विरली. ते उद्या पडेल, धातू काढल्यावर पडेल, कदाचित तिच्या हयातीत पडणारही नाही. फट होती, ती तिनं डोळ्यांनी बघितली होती, आणि तिच्याखालून आता कुणी जात नव्हतं. पुरे होतं तेवढं. पडलं नाही हे बरंच झालं, असं ती साहेबांना म्हणायला लागली, आणि खरंच तसं वाटून म्हणायला लागली.

दोन्ही तोंडं जवळ आली त्या दिवशी ती खालच्या बाजूला होती. सुरुंग लावायच्या आधी पलीकडे किती दगड उरलाय ते बघायला एक लांब भोक घ्यायचं होतं. ड्रिल सुरू झालं, सळ्यांना सळ्या जोडल्या गेल्या, राखाडी पाणी भोकातून ओघळत राहिलं. मग पाणी थांबलं. आत कुठेतरी जात होतं. ड्रिल बंद करून सळ्या बाहेर काढल्या, आणि भोकातून वारा आला. वरच्या बाजूचा वारा, थंड, कोरडा, त्याला वरच्या रस्त्यांचा डिझेलचा आणि ओल्या लाकडाचा वास. इतके महिने या तोंडाशी हवा कोंडलेली, कढत होती. सगळे जण तोंडं वर करून उभे राहिले. मामानं हातमोजा काढून भोकापुढे धरला आणि मोज्याची बोटं फडफडायला लागली. त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी बघणं चुकवलं नाही.

भोकातून वाऱ्याबरोबर आणखीही काहीतरी येत असावं, कारण नवी पोरगी खुदकन हसली. मामानं भोकाला कान लावला. मग त्यानं जागा दिली आणि तिनं लावला, उजवा. गार वारा कानात शिरला, बाकी काही नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग पोरीकडे.

"काय म्हणतायत?" मामानं विचारलं.

"शिव्या देतायत," पोरगी म्हणाली. "किती उशीर केलात म्हणून. आणि म्हणतायत, एकच सुरुंग पुरे, आम्ही आत्ता येतो तिकडे."

मामा हसला. तिनं टोपी मागे सारली, भोकाच्या ओल्या कडेला दोन्ही हात लावले, तोंड अगदी आत नेलं आणि सगळा दम एकवटून ओरडली की कुणीही पुढे यायचं नाही, आधी तुमच्या बाजूचं छत बघून घ्या, भोक घेऊन, कॅमेऱ्यानं. मग ती सरळ उभी राहिली, तोंडावरचं राखाडी पाणी बाहीनं पुसलं, आणि पलीकडून काय उत्तर येतंय ते पोरीनं सांगेपर्यंत थांबून राहिली.